लेकरू बोलत नाही? वाट पाहू नका



मृगाच्या आधी आम्ही कृषी खात्याची माणसे गावोगाव बियाण्याची उगवण तपासून दाखवायला येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ओले केलेले गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडलेले सोयाबीनचे शंभर दाणे, मग गुंडाळी करून ती सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरायला हरकत नाही. त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवायचे. घरचे बियाणे असो की पिशवीतले, ही खात्री केल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये, असे मी जवळपास तीस वर्षे सांगत आलो आहे.

२०१९ च्या जूनमध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात एका गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर मी हेच सांगत होतो. कार्यक्रम आटोपला, चहा झाला. तेवढ्यात एक बाई कडेवर तीन वर्षांची मुलगी घेऊन पुढे आली. म्हणाली, "साहेब, बियाचं समदं सांगितलं. आता ह्या लेकराचं बी सांगा. तीन सालाची झाली, पन बोलंना." मुलगी गोरीगोमटी, चुणचुणीत डोळ्यांची. माझ्या खिशातल्या पेनाकडे टक लावून पाहत होती. मी हसून म्हणालो, "घाबरू नका बाई, माझा थोरलाही उशिराच बोलला. आता गप्प बस म्हटले तरी बसत नाही." बाईलाही बरे वाटले, मलाही बरे वाटले, आणि मी मोटारसायकलला किक मारून पुढच्या गावी गेलो.

शंभर दाणे मोजून पाहणाऱ्या माणसाने त्या लेकराच्या पाठीमागे उभे राहून एक टाळी वाजवून पाहिली नाही. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

पुढे २०२० साली कोरोना आला, शाळा आणि अंगणवाड्या बंद पडल्या. २०२२ च्या जूनमध्ये मुलगी पहिलीत बसली. पंधरा-वीस दिवसांनी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षिका शाळेला भेट द्यायला आल्या. मुलगी पाटीवर रेघोट्या ओढत होती. बाईंनी वर्गाच्या मागे जाऊन खिचडीचे एक ताट हातातून खाली पडू दिले. सगळी पोरे दचकून वळली. ही वळली नाही. पाच मिनिटांचे काम होते. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी कानाची तपासणी झाली. दोन्ही कानांनी मुलीला फारच थोडे ऐकू येत होते, आणि तेही जन्मापासून. हे सगळे तिच्या बापाने मला मुखेडच्या मोंढ्यात, हरभऱ्याच्या पोत्यावर बसून सांगितले. त्याने मला दोष दिला नाही. त्याला माझे ते बोलणे आठवतही नसावे. मला मात्र आठवत होते.

आता यातली मेख काय आहे ती ऐका. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लेकराची जीभ, टाळू, घसा बहुधा धडधाकट असतात. ते मुके नसते. त्याने शब्द ऐकलेलाच नसतो, म्हणून ते बोलत नाही. भाषा धरण्याची मेंदूची ताकद पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जास्त असते, पुढे ती उतरत जाते. यंत्र पहिल्या वर्षात कानाला लागले आणि घरच्यांनी चिकाटी धरली तर पुष्कळ लेकरे शाळेच्या वयापर्यंत बरोबरीच्या मुलांसारखी बोलू लागतात. ज्या कानाला यंत्रही पुरत नाही त्याच्यासाठी कानामागे शस्त्रक्रिया करून आत उपकरण बसवतात, त्याला कॉक्लियर इम्प्लांट म्हणतात. त्याचा खर्च लाखांत जातो, पण लहान लेकरांसाठी तो केंद्र शासनाच्या योजनेतून होतो. त्याला वयाची अट आहे, साधारण पाच वर्षांच्या आतली. मी किक मारून गेलो त्या दिवशी ही मुलगी तीन वर्षांची होती. ताट पडले त्या दिवशी ती सहाची झाली होती.

पेरणीनंतर तासात नांगे पडले तर आपण काय करतो? आठ-दहा दिवसांच्या आत टोकून घेतो. महिन्याने टोकले तर रोप उगवते, नाही असे नाही. पण शेजारच्या झाडाच्या सावलीत ते दबून राहते. लेकराचे तसेच आहे.

कायद्याचे थोडे सांगतो, कारण आपला हक्क काय आहे हे माहीत असल्याशिवाय कचेरीत कोणी दाद देत नाही. साध्या शाळेतच अपंग मुलांना शिकवावे, अशी योजना केंद्र सरकारने पहिल्यांदा १९७४ साली काढली. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले आणि अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन, ज्या लेकराला अंथरुणावरून उठताही येत नाही त्याला घरी येऊन शिकवण्याची सोय झाली. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार सातावरून एकवीस केले. त्यात स्वमग्नता आली, अक्षरे उलटसुलट दिसण्यासारखी अध्ययन अक्षमता आली, आपल्या किनवट-माहूर भागात आढळणारा सिकलसेलही आला. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या साध्या शाळेत किंवा आई-बापांना वाटले तर विशेष शाळेत मोफत शिकता येते. शाळेने "आमच्याकडे असली मुले घेत नाहीत" म्हणायचे नाही.

कायदा चांगला आहे. पण त्यातला आकडा पुन्हा वाचा. सहा वर्षांपासून! ज्या वयात कानाची, बोलीची, मानेची, पायाची घडण होऊन चुकलेली असते, त्या वयात आपला हक्क सुरू होतो. अमेरिकेत अशा मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ च्या नोव्हेंबरात झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपल्याकडे अंगणवाडीची योजना सुरू झाली होती. त्यांनी १९८६ साली कायदा सुधारून तो तीन वर्षांच्या मुलांपर्यंत आणि पुढे पाळण्यातल्या लेकरांपर्यंत खाली आणला. आपल्याकडे सहाच्या आतले लेकरू अंगणवाडी आणि आरोग्य खाते यांच्या भरवशावर आहे. आणि खरे सांगायचे तर, आई-बापांच्या सावधपणावर आहे.

हा भरवसा अगदीच पोकळ आहे असे नाही. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तुमच्याही गावात येते. त्यात डॉक्टर असतात. अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एक वेळ तपासणी करायची, असा नियम आहे. अंगणवाडीत दिव्यांग बालके कशी ओळखावीत आणि त्यांना इतर मुलांत कसे सामावून घ्यावे, याचे नियम नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने लिहून दिले आहेत. पण होते काय? गाडी येते त्या दिवशी आई खुरपणीला गेलेली असते, आजी लेकराला घेऊन आखाड्यावर असते. रजिस्टरवर 'गैरहजर' पडते. सोयाबीनच्या ऐन कामात एका दिवसाची मजुरी सोडणे सोपे नाही, हे मला कळते. तरी अंगणवाडीताईंना तारीख विचारून ठेवा आणि तो एक दिवस लेकरासाठी ठेवा.

घरी काय पाहावे? चार महिन्यांचे लेकरू मान धरत नसेल, सहा महिन्यांचे झाले तरी मागून हाक मारल्यावर वळत नसेल, नऊ-दहा महिन्यांचे होऊनही टेकू न देता बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल किंवा त्याच्या तोंडी एकही शब्द नसेल, तर दाखवून आणावे. आईच्या डोळ्याला डोळा न भिडवणारे, हाका मारून न पाहणारे, एकच वस्तू तासन् तास फिरवीत बसणारे लेकरू 'शांत स्वभावाचे' आहे असे समजू नये. जन्मल्यावर उशिरा रडलेले, कमी वजनाचे किंवा कावीळ वाढल्याने पेटीत ठेवलेले लेकरू असेल तर त्याच्यावर पहिली दोन वर्षे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. टाळी वाजवताना मात्र एक सांभाळा. लेकराच्या पाठीमागून वाजवा, वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून आणि तुमची सावली पुढे पडणार नाही अशी. बहिरी लेकरे सावलीवरून, जमिनीच्या थरथरीवरूनही ओळखतात, आणि आपली फसगत होते. आणि घरी तपासून खात्री वाटली तरी शंका असेल तर डॉक्टरांची तपासणी टाळू नका.

नवस, अंगारा, देवऋषी यांवर मी भाषण देणार नाही. ग्रहणात आईने विळा हातात धरला म्हणून लेकराचा ओठ फाटला, असे आजही ऐकू येते. तो ओठ शिवण्याची शस्त्रक्रिया त्याच आरोग्य कार्यक्रमातून मोफत होते आणि पहिल्या वर्षात झाली तर खूणही फारशी राहत नाही. नवस फेडायला कोणाची ना नाही. जाता-येता रुग्णालयही वाटेवरच असते.

आता शाळेतल्या विशेष शिक्षणाचे काम प्रत्यक्ष कसे चालते ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की तिथे काहीतरी मोठी यंत्रे असतील. माझी काही वर्षे लातूर जिल्ह्यात गेली. औसा तालुक्यात एका कास्तकाराचा नातू होता, आठ वर्षांचा. चेहरा पाहिल्यावरच कळे की बुद्धीची वाढ सावकाश आहे. डॉक्टर त्याला डाउन सिंड्रोम म्हणतात. गावात त्याला नावाने कोणी हाक मारीत नसे, जी हाक मारीत ती इथे लिहिण्यासारखी नाही. शाळेच्या पटावर नाव होते, पण पोरगा दिवसभर आजोबांच्या मागे आखाड्यावर. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक तिथेच, बांधावर येऊन बसले. त्यांनी पाटी-पुस्तक काढलेच नाही. सुपात तूर, हरभरा आणि सोयाबीन एकत्र केले आणि पोराला म्हणाले, "वेगळे कर." पहिल्या दिवशी त्याने सगळे उधळून दिले. मग नुसती तूर आणि हरभरा. मग वाटी मोठी घेतली. तीन आठवड्यांनी पोरगा तिन्ही धान्ये वेगळी करू लागला. बोटांना वळण लागले, तेव्हा शर्टाची बुंडी, आणि बुंडी जमली तेव्हा पेन्सिल.

आजोबांना दाव्याची गाठ शिकवायची होती. शिक्षकांनी सांगितले, गाठीचे तुकडे करा. दावे हातात धरणे हा एक तुकडा, खुंट्याभोवती फिरवणे हा दुसरा, टोक खालून काढणे हा तिसरा. एक पक्का झाल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, आणि जमला की शाबासकी द्यायची, चुकला की ओरडायचे नाही. सबंध पावसाळा गेला. पोळ्याला त्याने बैल स्वतः बांधला. मी पाहिले आहे. आजोबा कोणाशी न बोलता गोठ्याच्या मागे जाऊन बसले होते.

प्रत्येक मुलासाठी असा वेगळा आराखडा लिहून ठेवावा लागतो: आज काय येते, तीन महिन्यांनी काय यायला हवे, घरच्यांनी काय करायचे. तुमचे लेकरू शाळेत असेल तर तो आराखडा मुख्याध्यापकांना मागा. वाचून दाखवा म्हणा. समग्र शिक्षा योजनेतून मिळणाऱ्या इतर गोष्टीही विचारा: श्रवणयंत्र, कुबड्या, चाकाची खुर्ची, मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तके, शाळेला ने-आण करणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता, प्रवासभत्ता, आणि दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतन. रक्कम मोठी नाही, पण ज्याने मागितले नाही त्याला तीही मिळत नाही. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या, पण ते हातात येईपर्यंत शाळेत नाव घालायचे थांबू नका. आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते; आपल्या गावात गेल्या वर्षी ती कशावर खर्च झाली?

उणीव आहे ती माणसांची. एका विशेष शिक्षकाकडे इतक्या शाळा असत की महिन्या-दीड महिन्याने एक चक्कर झाली तर नशीब. बरे, ही माणसे वर्षानुवर्षे कंत्राटावर. २०२४ साली राज्य शासनाने केंद्र पातळीवर ४८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा येतात, म्हणजे कागदावर तरी काम आवाक्यात आले. तुमच्या केंद्राला शिक्षक मिळाला आहे की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारून घ्या. आणि शिक्षक मिळाला तरी तो आठवड्यात एखादा तास देणार. उरलेला वेळ लेकरू तुमच्याजवळ असते.

साधी शाळा की विशेष शाळा, हाही प्रश्न मला पुष्कळजण विचारतात. नांदेड, लातूर, उदगीर अशा शहरांत मूकबधिर, अंध आणि मंदबुद्धी मुलांच्या निवासी शाळा आहेत. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे. माझे मत विचाराल तर लेकरू शक्यतो घरात राहावे आणि गावच्या शाळेत जावे. पण ज्या मुलाला यंत्र लावूनही ऐकू येत नाही त्याला खुणांची भाषा बोलणारे सोबती लागतात, ते गावात मिळत नाहीत. अशा मुलाला निवासी शाळेत पाठवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. एकदा स्वतः जाऊन शाळा पाहा, जेवणाच्या वेळी पाहा, आणि मग ठरवा.

मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून दिवाळीनंतर कोयते घेऊन निघणाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. फडावर श्रवणयंत्र टिकत नाही. धूळ, घाम, वेळेवर न मिळणारा सेल, आणि चार महिन्यांचा खंड. पायाच्या व्यायामाचेही तसेच. वर्षभरात सैल केलेल्या शिरा एका हंगामात पुन्हा आवळतात. आजी-आजोबा असतील तर लेकरू गावी ठेवावे. अनेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळांतून हंगामी वसतिगृहाची सोय होते. मुकादमाची उचल घेण्याआधी मुख्याध्यापकांना त्याविषयी विचारा, नंतर नाही.

आणखी एक गोष्ट, जी बांधावर काढली की माणसे नाराज होतात. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, कुठे मामा-भाची असे संबंध जुळवण्याची रीत आहे. जमीन घरात राहते, सोयरीक ओळखीची असते, हे फायदे मलाही समजतात. पण जवळच्या रक्तात दडलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो, आणि जन्मजात बहिरेपणाचे हे एक कारण आहे. आपण संकरित वाणाचे गुण जाणतो, वळू दरवर्षी बाहेरचा शोधतो. मुलीच्या लग्नात मात्र तो हिशेब विसरतो. दुसरे कारण गरोदरपणातला रुबेला. त्याची लस गोवराच्या लसीबरोबर अंगणवाडीत मोफत मिळते, ती चुकवू नये.

त्या मुखेडच्या मुलीची आई तिच्या बापाच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. तिची धाकटी बहीणही त्याच घरात, धाकट्या दिराला दिलेली.

मुलगी आता चौथीत आहे. दोन्ही कानांमागे यंत्रे आहेत. वाचते, गणित बरे करते, चित्रे छान काढते. बोलणे घरच्यांना कळते, परक्याला दोनदा विचारावे लागते. मी गेलो की माझ्याकडे हात पसरून "पेन" म्हणते. प आणि न यांच्यामध्ये थोडी हवा जाते, पण शब्द तोच असतो.

यंदा उन्हाळ्यात धाकट्या जावेला मुलगा झाला. पाचव्या महिन्यात मी स्वतः त्यांना तपासणीला नेले. या तपासणीला बेरा म्हणतात. लेकरू झोपलेले लागते, नाहीतर होत नाही. डोक्याला बारीक तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचला का ते यंत्र दाखवते. दुखत-खुपत काही नाही. आईने त्याला आदल्या रात्री जागवून आणले होते. गाडीत झोपू नये म्हणून थोरल्या जावेने नांदेडपर्यंत खुळखुळा वाजवला आणि वाजवता वाजवता मध्येच थांबून ती माझ्याकडे पाहू लागली. खुळखुळा थांबला तसे लेकरू तिच्याकडे वळले होते.

तरी आम्ही तपासणी करूनच परत आलो. कागदावर दोन्ही कान चांगले म्हणून लिहून दिले आहे.